रेफ्युजियममधले कोळंबीसारखे जीव : औषध टाकण्याआधी एक रात्र टॉर्च घेऊन बसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी, खाली सम्पमध्ये (पाणी गाळायच्या जोडटाकीत) कीटो शेवाळाचं, म्हणजे तारांच्या गुंत्यासारख्या हिरव्या शेवाळाचं, रेफ्युजियम (बारीक जीवांना वाढायला राखलेला कप्पा), सगळं सुरू होऊन आठ महिने झालेत. कीटोच्या गुंत्यात राखाडी, वाकडे, कोळंबीच्या पिल्लांसारखे जीव सळसळताना दिसतात. रिटर्न पंपाच्या (पाणी वर टाकीत परत पाठवणाऱ्या पंपाच्या) कप्प्याकडे सेंटीमीटरभर लांबीचे पारदर्शक जीव घोळक्याने तरंगतात. काचेवर पांढरे ठिपके सरकतात. एका सकाळी क्लाऊन माशाच्या डोळ्यामागे तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलेलं होतं, दुपारी ते नव्हतं. दुकानदार म्हणतो, निळं औषध टाका, सगळे किडे मरतील. शिवाय पुढे मँडरीन मासा आणायची तुमची इच्छा आहे.

औषध टाकू नका. बाटली उघडूसुद्धा नका. या प्रकारच्या बहुतेक औषधांत तांबं असतं, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांच्या मोरचुदाचंच एखादं रूप. कवचधारी जीवांना तांबं सोसत नाही. ते तुमचे 'किडे' मारेल हे खरं आहे. पण त्याच फटक्यात क्लीनर श्रिम्प (माशांची साफसफाई करणारी कोळंबी), शंख, खेकडे आणि कोरल (प्रवाळ) यांचाही जीव जाऊ शकतो. वर खडक आणि वाळू ते तांबं धरून ठेवतात आणि पुढे कितीतरी काळ थोडं थोडं पाण्यात सोडत राहतात. २००९ च्या उन्हाळ्यात माशांवर पांढरे ठिपके आले म्हणून मी असाच एकाचा सल्ला ऐकला आणि औषध थेट मुख्य टाकीत टाकलं. सकाळी सम्पचा तळ मेलेल्या ॲम्फिपॉडांनी (कोळंबीसारखे बारीक, वाकडे जीव, त्यांची ओळख पुढे आहे) भुरकट झाला होता, अमोनिया चढला होता, आणि दोन वर्षं जपलेली क्लीनर श्रिम्पची जोडी खडकाखाली उलटी पडली होती. त्या टाकीत पुन्हा श्रिम्प जगवायला मला खडक बदलावे लागले. म्हणून मी हे इतक्या आग्रहाने सांगतोय.

आता ओळखीकडे वळू. तुम्ही ज्यांना एकच समजून 'किडे' म्हणताय, ते तुमच्या वर्णनावरून निदान चार वेगवेगळे जीव आहेत. त्यातले तीन तुमच्या टाकीचं भलं करतायत. चौथ्याला शोधायला हवं.

पाहायचं कसं, ते आधी. दिवे बंद झाल्यावर तास-दीड तास थांबा. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, आकाशकंदिलाला लावतो तोच. लाल उजेडात हे जीव फारसे बिचकत नाहीत. बाळाला औषध पाजायची जाड तोंडाची सिरिंज घ्या, बारीक ड्रॉपरमध्ये जीव चिरडतात. ज्याची शंका आहे तो जीव टाकीच्याच पाण्यासकट ओढून पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत सोडा. स्टीलच्या वाटीत चकाकीमुळे काही दिसत नाही. सोनार वापरतात ते दहापटीचं भिंग मिळालं तर उत्तमच. नसेल तर फोनचा कॅमेरा झूम करून व्हिडिओ काढा. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, कारण यातले निम्मे जीव आकारापेक्षा चालीवरून लवकर ओळखू येतात.

कीटोतले राखाडी, वाकडे जीव म्हणजे ॲम्फिपॉड, याची मला जवळजवळ खात्री आहे. बशीत घेतल्यावर पहिल्यांदा हे बघा : तो उभा राहूच शकत नाही, कुशीवर पडतो आणि कुशीवरच फरफटत पळतो. कारण त्याचं शरीर दोन्ही बाजूंनी दाबलेलं असतं, उभ्या धरलेल्या नाण्यासारखं. पाठीची कमान झालेली असते. कोळंबी सोलताना आपण डोकं मोडतो तेव्हा डोकं आणि छाती एकाच टोपाखाली निघून येतात, आठवतंय? ॲम्फिपॉडला तो टोप नसतो. डोक्यामागून शेपटीपर्यंत सुट्या सुट्या कड्या मोजता येतात. कोळंबीचे डोळे काडीवर असतात, याचे डोक्यात बसवलेले. पायांच्या सात जोड्या असतात आणि त्यांच्यात दिशांची फाटाफूट असते : काही पुढे वळलेले, काही मागे. 'ॲम्फि' म्हणजे दोन्हीकडचे, त्यावरूनच हे नाव पडलं. पहिल्या दोन जोड्यांना पकडीसारखे हात असतात. नराचे हात बरेच मोठे असतात.

तुम्ही एक गोष्ट लिहिली आहे की काही 'दोन दोन एकत्र चिकटून पोहतात'. ते भांडण नाही. मोठा नर लहान मादीला पोटाशी धरून फिरवतो, कधी कधी दिवसच्या दिवस. मादीने कात टाकल्यानंतरच्या थोड्या वेळातच मीलन शक्य असतं, म्हणून तो तिला आधीच धरून ठेवतो. मी एकदा अशी जोडी बशीत घेतली होती. नराने इतक्या गडबडीतही तिला सोडलं नाही. थोड्या वेळाने दुसरी एक मादी घेतली तर तिच्या छातीखाली, पायांच्या मध्ये, पिवळसर दाण्यांचा पुंजका होता. भिंगातून पाहिलं तर त्यातले काही दाणे हलत होते. या जीवांची अंडी पाण्यात सुटत नाहीत. आई ती पोटाखालच्या पिशवीत सांभाळते आणि पिल्लं बाहेर पडतात ती थेट आईबापांच्याच रूपात, फक्त इवलीशी. अळीची तरंगती अवस्था नसल्यामुळे पिल्लं पंपात आणि स्किमरमध्ये (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्रात) वाहून जात नाहीत. रेफ्युजियममध्ये त्यांची वस्ती इतकी जोरात वाढते, त्याचं हे मोठं कारण.

आणि ते करतात काय? उरलेलं खाणं, माशांची विष्ठा, काचेवरचा बुळबुळीत थर, कुजणारं शेवाळ, सगळं कुरतडून बारीक करतात. ते झोॲन्थिड (बटणांसारख्या कळ्यांचे, कोरलच्या नात्यातले मऊ जीव) खातात अशी तक्रार तुमच्या कानावर येईल. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा कोरल आधीच कुजत असतं आणि ॲम्फिपॉड त्या सडक्या भागावर जमतात, मग दोष त्यांच्यावर येतो. मासे नसलेल्या, भुकेल्या टाकीत मोठे ॲम्फिपॉड बंद कळ्यांना त्रास देतात, हे मात्र खरं आहे. तुमच्या टाकीत मासे आहेत, तेव्हा ती काळजी नको.

कोकणात वाढलेल्यांनी यांचे भाऊबंद पाहिलेले असतात. भरतीने किनाऱ्यावर टाकलेलं शेवाळ पायाने उलटलं की खालून टणाटण उड्या मारत सुटतात, ते ॲम्फिपॉडच.

पंपाच्या कप्प्यातले तरंगणारे जीव माझे सगळ्यांत आवडते आहेत. तुम्ही पाठवलेला त्यांचा व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. ते मायसिड आहेत. तुम्ही लिहिलंय 'अगदी जवळ्यासारखे', आणि दिसतात खरेच तसे. पण जवळा वेगळा. आपल्या बाजारातला जवळा मुख्यतः ॲसेटिस इंडिकस, म्हणजे खऱ्या कोळंबीच्या जवळच्या नात्यातला. महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर तो डोल जाळ्यात टनावारी सापडतो. त्याची मादी अंडी पाण्यात सोडून मोकळी होते. मायसिडच्या मादीला मात्र पायांच्या मुळाशी पिशवी असते आणि पिल्लं त्यात वाढतात, म्हणून इंग्रजी बोलणारे त्यांना पिशवीवाल्या ओपॉसमचं नाव देतात.

खात्री करायची असेल तर शेपटी बघा. जीव बशीत घेऊन टॉर्च बाजूने मारा. शेपटीच्या पंख्यात आतल्या दोन पाकळ्यांच्या मुळाशी काचेच्या मण्यासारखे दोन गोल ठिपके चमकतात. ते त्याचे तोल सांभाळायचे अवयव. जवळ्यात किंवा कोळंबीच्या पिल्लात शेपटीत हे मणी नसतात. मणी दिसले की विषय संपला. शिवाय त्यांची चाल : मायसिड पाण्याच्या प्रवाहाकडे तोंड करून एकाच जागी घिरट्या घातल्यासारखे थांबतात आणि बोट जवळ नेलं की शेपटीचा झटका देऊन क्षणात मागे उडतात. डोळे काडीवर, काळेभोर, शरीराच्या मानाने मोठे.

मायसिड टिकणं ही अभिमानाची गोष्ट आहे, हे मनापासून सांगतो. अमेरिकेत कारखान्यांचं सांडपाणी समुद्राला किती विषारी आहे हे तपासायला मायसिडची एक जात प्रमाण प्राणी म्हणून वापरतात, कारण पाण्यातलं थोडंसं विषही त्यांना बाधतं. तुमच्याकडे ते घोळक्याने आहेत आणि पिल्लं देतायत. आपण शंभर-शंभर ग्रॅमच्या गोठवलेल्या मायसिसच्या (म्हणजे मायसिडच्याच) पट्ट्या विकत आणतो, तुमच्याकडे ते जिवंत आहेत. पंपाच्या तोंडाला जाड स्पंज लावा, एवढंच. त्या कप्प्यात तुमचे बरेच मायसिड पंप खात असणार.

एक फसगत मात्र लक्षात ठेवा. तुमच्याकडे क्लीनर किंवा पेपरमिंट श्रिम्पची जोडी असेल तर काही रात्रींनंतर अचानक शेकडो पारदर्शक, काळ्या डोळ्यांचे कण उजेडाकडे धावताना दिसतील. ती त्यांची पिल्लं. एकदम येतात आणि एक-दोन दिवसांत दिसेनाशी होतात. मायसिड कायम राहतात आणि त्यांच्यात लहान-मोठे सगळ्या मापाचे दिसतात.

काचेवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर फार वेळ घालवत नाही. थांबत थांबत, हिसके देत सरकणारे, थेंबाच्या आकाराचे, मिलिमीटरभर किंवा त्याहून लहान, ते कोपेपॉड. भिंगातून कपाळावर एकच डोळा दिसतो आणि मादीच्या मागे अंड्यांची पिशवी लोंबते. तिळासारखे दोन शिंपल्यांत मिटलेले दिसले तर ऑस्ट्रॅकॉड. लांब पायांच्या कोळ्यासारखे पण अगदी सूक्ष्म दिसले तर मुनिड नावाचे आयसोपॉड. तिघेही निरुपद्रवी. त्यातले कोपेपॉड तर मँडरीनची भाकरीच.

आता चौथा. क्लाऊनच्या डोळ्यामागचा तो दाणा.

तो आयसोपॉड असावा आणि त्यातल्या सिरोलॅनिड कुळातला असावा असा माझा संशय आहे. सगळे आयसोपॉड वाईट नसतात, हे आधी स्पष्ट करतो. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली राखाडी, कड्याकड्यांचे किडे सापडतात आणि हात लावला की काही त्यातले गोळी होतात, ते आयसोपॉडच. (वाणी किंवा पैसा म्हणतो तो वेगळा, तो सहस्रपाद.) समुद्रातही गोळी होणारी एक जमात आहे, स्फेरोमॅटिड. ती शेवाळ आणि कचरा खाऊन राहते. आणि मासे खाणाऱ्या घरांत बांगडा साफ करताना कल्ल्याखाली कधी कधी फिकट, कडक पाठीचा किडा सापडतो ना, तोही आयसोपॉड, पण तो कायमचा परजीवी. एकदा बसला की माशाला सोडत नाही. सिरोलॅनिड यांच्या अधलामधला : रात्री किंवा पहाटे माशाला चिकटतो, पोट भरलं की सोडतो आणि वाळूत किंवा खडकाच्या फटीत जाऊन पडतो. तुम्हाला सकाळी दिसला, दुपारी नव्हता, यावरूनच मला शंका आली. खोल समुद्रात फूटभर वाढणारा बॅथिनोमस जायगँटियस हाही याच कुळातला.

ॲम्फिपॉड आणि हा, यांत गोंधळ होतो म्हणून फरक नीट सांगतो. ॲम्फिपॉड बाजूंनी दाबलेला, हा वरून दाबलेला, सपाट. 'आयसो' म्हणजे सारखे. याचे सातही जोड्यांचे पाय साधारण एकसारखे असतात. ॲम्फिपॉड बशीत कुशीवर पडतो, हा पोटावर पाय रोवून नीट बसतो आणि चालतो. पोहताना ॲम्फिपॉड वेडावाकडा, झटके देत जातो. सिरोलॅनिड सरळ, वेगात आणि सफाईने पोहतो, छोटी मोटरबोट जावी तसा. आणि डोळे : वरून पाहिलं तर डोक्याच्या दोन्ही कडांवर बसलेले मोठे, काळे डोळे. लहान किंवा अस्पष्ट डोळ्यांच्या, संथ आयसोपॉडला मारू नका.

आणखी एक खूण आहे जी फारच थोडे लोक वापरतात. आयसोपॉड कात एका दमात टाकत नाही. आधी मागचा अर्धा भाग, मग काही वेळाने पुढचा. सम्पच्या तळाशी पांढऱ्या, पोकळ काती पडलेल्या दिसतात आणि लोकांना वाटतं जीव मेलेत. त्या सिरिंजने उचलून बघा. पूर्ण जीवाच्या आकाराची असेल तर ॲम्फिपॉड किंवा मायसिडची. अर्धीच, सपाट कड्यांची असेल तर टाकीत आयसोपॉड आहे.

पकडायचा कसा? घरातल्या औषधाची रिकामी, धुतलेली छोटी प्लास्टिकची बाटली घ्या. तोंडावर तीन-चार मिलिमीटर भोकांची जाळी बांधा, म्हणजे मासा आत जाणार नाही. आत सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा ठेवा. दिवे बंद झाल्यावर ती वाळूवर आडवी ठेवा, क्लाऊन झोपतो त्या कोपऱ्याजवळ. तास-दीड तासाने बाहेर काढा. रात्रभर ठेवू नका, तुकडा कुजतो आणि खाऊन झालेले जीव निघूनही जातात. बाटलीत ॲम्फिपॉड भरपूर येतील, काटेरी किडे येतील, ते परत सोडा. मोठ्या डोळ्यांचे, सपाट जीव वेगळे काढा. हे आठ-दहा रात्री चालू ठेवा. एकदा पोट भरलं की हा जीव बरेच दिवस खाण्याकडे फिरकत नाही, म्हणून दोन रात्री रिकामी बाटली आली तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

माशावर पुन्हा चिकटलेला दिसला तर ती सगळ्यांत चांगली संधी. मासा हळूच जाळीत घ्या आणि तापमान व पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात तीन-चार मिनिटं धरा. पाणी आरओचं घ्या, नळाचं क्लोरिनचं नको. बऱ्याचदा तो आपणहून सुटतो. नाही सुटला तर बोथट चिमट्याने, डोळ्यापासून लांब राहून काढा. बाळासारखा जपून धरा माशाला, ओल्या हातांनी. जखम लालसर राहिली तर काही दिवस त्याला वेगळ्या टाकीत ठेवा.

तो जीव आला कुठून, असं तुम्ही विचारलंय. खडकातून किंवा कुणीतरी दिलेल्या कीटोच्या जुडीतून. नवं शेवाळ घेतलं की आधी वेगळ्या टबात दोन-तीन आठवडे ठेवायची सवय लावा. मालवण-रत्नागिरीकडून प्रवाळाचा दगड उचलून आणायचा विचार मात्र मनातही आणू नका. आपल्याकडचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या किनाऱ्याचं नुकसान भरून यायला पिढ्या जातात. आणि काढलेलं कीटो खाडीत किंवा नाल्यात टाकू नका, उन्हात वाळवून झाडांना घाला, आधी गोड्या पाण्यात खळखळून.

कीटो छाटताना एक करा. बादलीत टाकीचंच पाणी घेऊन त्यात जुडी दहा-बारा वेळा जोरात झटका. बादलीच्या तळाशी जे जमेल ते पाहून तुम्हाला नवल वाटेल. ते सगळं परत रेफ्युजियममध्ये ओता. फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) वापरत असाल तर ती धुण्याआधी अशीच झटका, तिच्यातही शेकडो जीव अडकतात. रेफ्युजियमचा दिवा रात्री, मुख्य टाकीचा दिवसा, असं उलटं वेळापत्रक तुम्ही ठेवलंय ते बरोबर आहे. अंधारात टाकीत कार्बन डायऑक्साइड वाढतो, तेव्हा शेवाळ तो ओढतं आणि पीएच फार खाली जात नाही. पण यामुळे रात्री रेफ्युजियममधले जीव लपलेले असतात. त्यांना पाहायचं तर तिथला दिवा बंद असताना पाहा.

मँडरीनबद्दल. हो, तो कोपेपॉड आणि बारीक ॲम्फिपॉड खाईल, त्यासाठीच तर ही वस्ती. तो दिवसभर खडकावरून एक-एक जीव टिपत फिरतो. सकाळ-संध्याकाळ दोन चिमटी खाण्यावर तो जगत नाही, हळूहळू खंगतो आणि तोवर आपल्याला कळतही नाही. पोट आत गेलेलं दिसतं तेव्हा बहुतेक वेळ निघून गेलेली असते. तुमची टाकी आठ महिन्यांची आहे, पण मोठे ॲम्फिपॉड दिसतात म्हणून कोपेपॉडही पुरेसे आहेत असं धरून चालू नका. रात्री मुख्य टाकीची काच टॉर्चने पाहा, सम्पची नाही. तळहाताएवढ्या जागेत डझनभर ठिपके सरकताना दिसले, आणि असं सलग महिनाभर दिसलं, तर दुकानात जा. तिथेही मासा तुमच्यासमोर गोठवलेलं मायसिस खातो का ते पाहूनच घ्या.

तोवर कोळंबीच्या तुकड्याची ती बाटली लावा. जो मोठ्या डोळ्यांचा सापडेल त्याचा वरून एक आणि बाजूने एक व्हिडिओ काढा, बशीत शेजारी मोहरीचा दाणा ठेवून, म्हणजे माप कळेल. सिरोलॅनिड निघाला तर पुढच्या रात्रींचं वेळापत्रक मी तुम्हाला लिहून देतो. नुसता स्फेरोमॅटिड निघाला तर त्याला परत सोडून द्या, क्लाऊनवर पहाटे नजर ठेवा, आणि मग आपण दुसरं कारण शोधू.